बाहेरची कड

नवे बूट घ्यायचे तर जुने घेऊन या,
अहिरेमामा म्हणाले.
शालिमारला त्यांची पेटी आहे, काळी छत्री आहे,
आणि रापीला धार लावायचा दगड
मधोमध इतका खोलगट झालाय
की त्यात चमचाभर पाणी राहतं.

मी पिशवीतून काढले.
धोडपच्या उतारावर डाव्या बुटाने जबडा उघडला होता,
सोल एकीकडे, मी एकीकडे.
तेव्हा दिगंबरने ट्रॅकपँटची नाडी उपसून दिली,
ती मी बुटाभोवती तीनदा गुंडाळली,
आणि तो हट्टी गावापर्यंत
एका हाताने पँट, दुसऱ्याने माझं कोपर
धरून उतरला.

मामांनी बूट उलटे केले. हसले नाहीत.
सोलवरून अंगठा फिरवला
वाचत असल्यासारखा.
"दोन्हींच्या बाहेरच्या कडा गेल्यात, बाई.
आतली नक्षी कोरीच्या कोरी.
असं कोण चालतं?"

मी विचार केला. मग सांगितलं:
जाताना दरी डावीकडे असते, येताना उजवीकडे.
त्याला खोली बघवत नाही.
पाटबंधारे खात्यात तीस वर्षं धरणं मोजली,
पण भिंतीवरून कधी खाली वाकला नाही.
तेव्हा पायवाटेवर कातळाची बाजू त्याची
आणि बाहेरची माझी.
कधी ठरवलं नव्हतं.

"हं," मामा म्हणाले.
"मग मधून कडक, कडेला रुंद असा बघा.
घडी घालून बघा. बोटांपाशी वाकला तर बूट,
मधोमध वाकला तर चप्पल.
आणि संध्याकाळी जा.
दिवसभर उभ्या पायाला खोटं बोलता येत नाही."

गुरुवारी सिव्हिलच्या लॅबमधून सुटले,
एकशे चाळीस नमुने, पोटऱ्यांत वाळू भरलेली,
तशीच कॉलेज रोडला.
प्रज्वल नावाचा मुलगा, स्वतः पांढऱ्याशुभ्र बुटांत,
म्हणाला, मॅडम, वॉटरप्रूफ आहे, थेंब आत जाणार नाही.
वरून गेलेला बाहेर कसा येणार, मी विचारलं.
तो खोक्यावर उत्तर शोधायला लागला.

जानेवारीत सातमाळा चालायची आहे,
अचल्यापासून चांदवडपर्यंत.
पाणी फक्त टाक्यांत, तेही शेवाळाखाली.
मला पाणी अडवणारं नको.
घसाऱ्यावर, त्या बारीक मुरमाच्या दगाबाज उतारावर
दात रोवणारं काहीतरी हवं.

जाड मोजे घरून नेले होते.
माझा डावा पाय अर्ध्या नंबरने मोठा आहे
हे मला सत्तावन्नाव्या वर्षी कळलं.
लेस आवळून मी तळघरातल्या पार्किंगचा उतार
पुन्हा पुन्हा उतरले, दणदण, मुद्दाम.
वॉचमनने खुर्ची मागे सरकवली.
पहिल्या जोडीत अंगठा पुढे आपटला.
दुसरीत टाच उचलली गेली, म्हणजे फोड नक्की.
मग एक जोडी अशी आली की काहीच झालं नाही.
काहीच न होणं केवढं महाग असतं:
सहा हजार आठशे.

रंग मातकट. दिगंबर नाराज झाला,
त्याला लाल हवे होते, लांबून दिसले असते.
तो येणार नाहीये. त्याचे दोन्ही गुडघे नवे आहेत,
माझ्या बुटांहून कितीतरी महाग, वॉरंटीही जास्त.
चांदवडला थर्मास घेऊन थांबतो म्हणाला.
आणि रोजचं अंतर, टाकी, मुक्कामाची गावं
आखीव कागदावर पेन्सिलीने लिहून दिली,
दरी कुठे कोणत्या बाजूला तेही.

बूट नरमावेत म्हणून
रोज पहाटे पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढते.
रुंद पायऱ्या, कुणाला पडायची भीती नाही.
तरी काल उतरताना लक्षात आलं,
मधली सगळी जागा मोकळी
आणि मी कठड्याला घासून.